बदक पाण्यावर डकवल्यासारखं का दिसतं?

जलरंगात बदक छान उतरलंय. चोचीचा कोन बरोबर, मानेचा बाक नेमका, डोळ्यात ठिपकाभर चमकसुद्धा आहे. पाण्यालाही नावं ठेवण्यासारखं काही नाही. पण दोन्ही एकत्र पाहिलं की बदक कात्रीने कापून पाण्यावर डकवल्यासारखं दिसतं. एखाद्या चित्रात नाही, दर चित्रात. तुमचंही असंच होत असेल तर पुढचं वाचा.

माझ्याकडे अशा सात पांढऱ्या बदकांची चळत आहे, सगळी एकाच छायाचित्रावरून केलेली. दर वेळी मी दोष बदकात शोधला आणि पुढच्या कागदावर पिसं वाढवली. सातव्या बदकाला इतकी पिसं झाली की ते पोहतंय की थंडीने फुगलंय तेच कळेना. मग एकदा वैतागून सातही कागद भिंतीला टेकवून लांबून पाहिले, तेव्हा दिसलं की चूक पिसांत नव्हतीच. बदक जिथे पाण्याला टेकतं, तिथल्या दोन बोटं रुंदीच्या पट्टीत ती होती. पक्षी आणि पाणी हे दोन वेगळे विषय समजून मी रंगवत होते.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा

चित्र भिंतीला लावा, चार-पाच पावलं मागे या आणि अंगठ्याने पक्षी झाका. उरलेलं पाणी आडवं पसरलेलं दिसतंय, की पत्र्याच्या भिंतीसारखं उभं राहिलंय? उभं असेल तर पक्ष्याला हात लावण्याआधी पाणी दुरुस्त करायला हवं. आता पक्षी उघडा ठेवून फक्त प्रतिबिंब झाका. तेवढ्याने चित्र सुधारलं तर दोष प्रतिबिंबात. दोन्हीने फरक पडला नाही तर मोबाइलवर चित्राचा फोटो काढून तो कृष्णधवल करा आणि पक्ष्याच्या कडेवरून नजर फिरवा. डोक्यापासून पोटापर्यंत कडा सगळीकडे सारखीच धारदार असेल, तर डकवल्यासारखं दिसण्याचं कारण तीच.

माझ्या सातांपैकी पाच चित्रांत तिन्ही दोष होते. तेव्हा एकच सापडला म्हणून लगेच थांबू नका.

पाणी उभं राहिलंय

तरंग काढायचे म्हटलं की हात आपोआप लहान मुलांच्या चित्रातली नागमोडी रेघ काढतो, वरपासून खालपर्यंत एकाच मापाची आणि सारख्या अंतरावर. त्याने पत्रा तयार होतो, पाणी नाही. लांबचे तरंग बारीक, दाट आणि जवळजवळ सरळ दिसतात. अगदी लांब तर ते दिसतच नाहीत, नुसता सपाट रंग राहतो. जवळ येता येता ते रुंद होतात, लांबतात, त्यांच्यात मोकळ्या जागा पडतात. ब्रशचा फटकारा दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्ये फुगीर हवा. काही फटकारे एकमेकांना चिकटावेत, काही सुटे राहावेत. मी लांबच्या तरंगांना ब्रशचं नुसतं टोक वापरते आणि जवळच्यांना तोच ब्रश पोटापर्यंत दाबते. राउंड (गोल, टोकदार) ब्रश ८ किंवा १० नंबरचा यासाठी पुरेसा आहे. रिगरने, म्हणजे लांब केसांच्या बारीक ब्रशने, तरंग काढू नका, सगळे दोऱ्यासारखे होतात.

पण खरं सांगायचं तर तरंग ही नंतरची गोष्ट. पाणी आडवं होतं ते पहिल्याच वॉशमध्ये (पातळ रंगाच्या पसरट थरात), आणि त्यामागे साधं कारण आहे. पाण्याकडे सरळ वरून पाहिलं तर पृष्ठभागावरून जेमतेम २ टक्के प्रकाश परततो, बाकीचा आत शिरतो. म्हणून पायाजवळच्या पाण्यात तळ, शेवाळ, गढूळपणा दिसतो. नजर जसजशी तिरपी होते तसं परतणाऱ्या प्रकाशाचं प्रमाण वाढत जातं. पृष्ठभागाशी नजरेचा कोन १० अंशांवर आला की साधारण एक तृतीयांश प्रकाश परततो, आणि अगदी लांबचं पाणी जवळपास आरसाच होतं. म्हणजे लांबचं पाणी आकाशाच्या रंगाचं आणि फिकट, जवळचं पाणी स्वतःच्या रंगाचं आणि गडद. हा उतरता वॉश नीट बसला तर एकही तरंग न काढता कागद आडवा होतो. पलीकडच्या काठावर दाट झाडी असेल तर मात्र लांबचं पाणीही गडद येईल, कारण ते आकाश नाही, झाडी दाखवतं. समोर काय आहे ते बघून ठरवायचं.

तरंगांचे रंगही यातूनच येतात. लहरीचा आपल्याकडे कललेला उतार डोक्यावरच्या आकाशाचा रंग घेतो, तर पलीकडचा उतार क्षितिजाजवळचा किंवा समोरच्या काठाचा. बहुतेक वेळा दोनच छटांत काम भागतं. पहिला वॉश पूर्ण वाळू द्यायचा, त्यावर मध्यम छटेचे तरंग, तेही वाळले की अगदी जवळच्या भागात थोडे गडद. तिसरा थर चढवायचा मोह होतो. तिथे ब्रश धुवून ठेवलेला बरा.

पोहणाऱ्या पक्ष्यामागे उमटणारी पाचर हाही नेहमी चुकणारा भाग. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी १८८७ साली दाखवून दिलं की खोल पाण्यात या पाचरीची प्रत्येक बाजू मधल्या रेषेशी सुमारे साडेएकोणीस अंशांचा कोन करते. वेग कमी-जास्त झाला तरी साधारण तेवढाच. म्हणजे वरून पाहिलं तर पूर्ण पाचर ३९ अंशांची. आपण पाहतो काठावरून, तिरपं. त्यामुळे बदक आडवं चाललं असेल तर पाचर चेपून अरुंद दिसते, आणि समोरून येत असेल तर अपेक्षेपेक्षा बरीच फाकलेली. तिच्या बाजू अखंड रेषेने काढू नका. त्या एकामागे एक थोड्या सरकलेल्या छोट्या लहरींच्या बनलेल्या असतात, पायऱ्यांसारख्या.

प्रतिबिंब म्हणजे सावली नव्हे

सावली सूर्यावर अवलंबून असते आणि तिरपी पडू शकते. प्रतिबिंब मात्र कायम वस्तूच्या सरळ खाली. हे सगळ्यांना माहीत असतं, तरीही ब्रश हातात आला की प्रतिबिंब डावी-उजवीकडे घसरतं. पेन्सिलने चोचीच्या टोकातून आणि शेपटीच्या टोकातून खाली दोन फिकट उभ्या रेघा मारून ठेवा. प्रतिबिंबाचा मुख्य भार त्यांच्या आत हवा.

दुसरी चूक अधिक छुपी आहे. पक्ष्याचं चित्र उलटं करून खाली छापलं की प्रतिबिंब झालं, असं आपण धरून चालतो. पाणी पक्ष्याला खालून बघत असतं. त्याला हनुवटीखालचा भाग दिसतो, पोट दिसतं, शेपटीची खालची बाजू दिसते. काठावर उभं राहून आपल्याला बदकाची जी रुंद पाठ दिसते, ती प्रतिबिंबात कमी येते किंवा येतच नाही. शेकाट्यासारखा लांब पायांचा पक्षी असेल तर आणखी एक गंमत होते. आपल्याकडे कललेला पाय वर आखूड दिसतो आणि प्रतिबिंबात लांब. पलीकडे कलला असेल तर उलट. छायाचित्र समोर असेल तर हे आपसूक जमतं, मनाने काढताना फसतं. पक्षी पाण्यावरून उडत असेल तर तो पृष्ठभागापासून जितका वर, प्रतिबिंब तितकंच खाली. उडणाऱ्या टिटवीच्या पोटाला चिकटलेलं प्रतिबिंब मी स्वतः काढलेलं आहे. टिटवी पाण्यात बसलेली दिसते, नुसते पंख उघडून.

छटेचंही एक साधं सूत्र आहे. पांढऱ्या पक्ष्याचं प्रतिबिंब पक्ष्यापेक्षा थोडं गडद, काळ्याचं थोडं फिकट. पाणकावळा रंगवून त्याच काळ्याने खाली प्रतिबिंब भरलं की पाण्यात भोक पडल्यासारखं वाटतं.

तरंगांमुळे प्रतिबिंब आपल्या दिशेने ताणलं जातं, म्हणजे कागदावर खाली लांबतं. उभ्या कडा दातेरी होतात. पक्ष्याजवळ ते बऱ्यापैकी सलग राहतं, खाली सरकताना त्याचे आडवे तुकडे होतात आणि शेवटचे तुकडे तर मूळ आकारापासून बरेच दूर भरकटलेले असतात. त्या शेवटच्या दोन-तीन सुट्या तुकड्यांतच पाणी हलतं. मी पूर्वी तेच टाळायचे, कारण ते चुकल्यासारखे दिसतात.

दोन बोटांची पट्टी

आता मूळ दुखणं. पक्ष्याची बाह्यरेषा आपण आधी काढतो, मग तिच्या बाहेर पाणी भरतो आणि आत पक्षी. पोटाखालची रेषा दोन्हीकडून जपली जाते आणि वाळल्यावर तिथे तारेसारखी कडा तयार होते. प्रत्यक्षात बदकाकडे पाहा. पोट पाण्याला टेकतं ती जागा ठिकठिकाणी हरवलेली असते. कुठे एखादी लहर पिसांवर चढलेली, कुठे पोटाखाली अरुंद काळपट फट, तिच्या शेजारी उजेडाची चीर, आणि पुढे पोट व प्रतिबिंब एकमेकांत इतके मिसळलेले की सीमा सापडत नाही.

म्हणून हल्ली मी पक्षी आणि त्याचं प्रतिबिंब एका बैठकीत रंगवते. बदकाच्या पोटाची सावली घालायची, ती ओली असतानाच तोच रंग पाण्याच्या रेषेवरून खाली ओढायचा आणि तिथून प्रतिबिंब सुरू करायचं. मध्ये सीमा आखायची नाही. तो भाग वाळला की गडद फट फक्त दोन-तीन ठिकाणी, तुटक. पूर्ण लांबीची कधीच नाही. उरलेल्या कडेवर स्वच्छ, पिळलेला ओलसर ब्रश एकदा फिरवायचा. पक्ष्याच्या बाह्यरेषेपैकी डोकं, चोच आणि पाठीचा उजेडाकडचा भाग धारदार ठेवा. पाण्यालगतचा निम्मा भाग मऊ किंवा हरवलेला चालतो. चालतो काय, तसाच हवा.

पांढऱ्या पक्ष्याच्या सावलीचा करडा रंग वेगळा बनवू नका. पाण्यासाठी पॅलेटमध्ये जे मिश्रण आहे त्यातच चिमूटभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घाला आणि तीच सावली पक्ष्याला द्या. पोटाखाली पाण्यावरून उसळलेला उजेड पडत असतो, तिथे पाण्याचीच निळसर किंवा हिरवट छटा पातळ करून लावा. ट्यूबमधला तयार करडा वापरला की पक्षी दुसऱ्या चित्रातून आल्यासारखा वाटतो. माझ्या पहिल्या चार बदकांचं हेच झालं होतं.

पक्षी पाण्यात किती बुडतो हेही बघा. वारकरी (कूट) हा काळा पाणपक्षी बुचासारखा वर तरंगतो. पाणकावळ्याची बाहेरची पिसं भिजतात, त्यामुळे तो इतका खोल बसतो की कधी कधी पाठीची एक पट्टी आणि मान एवढंच दिसतं. सगळ्यांना बदकाच्या पातळीवर बसवलं तर माहितगार माणसाला ते लगेच खटकतं. उभ्या पक्ष्याचा पाय पाण्यात शिरतो तिथे वर्तुळ नाही, चपटी लंबवर्तुळं काढा, तीही अर्धवट. पक्षी जितका लांब तितकी ती अधिक चपटी.

मास्किंग फ्लुइड

रंग लागू नये म्हणून आधी लावायचं आणि नंतर सोलून काढायचं हे द्रावण पांढरा कागद राखायला सोयीचं वाटतं, आणि डकवलेल्या पक्ष्यांमागे निम्म्या वेळा हेच असतं. पूर्ण पक्षी मास्क करून वरून पाणी मारलं की फ्लुइडच्या कडेशी रंग साचतो आणि चौफेर एकसारखी कडक कडा उमटते. मास्क करायचंच असेल तर चोच, डोक्याचा माथा, पाठीवरची उजेडाची रेघ एवढंच करा. पोटाची बाजू मोकळी सोडा. फ्लुइड काढल्यावर उरलेल्या कडाही ओलसर ब्रशने जागोजागी मऊ करा.

हे रबराचं लॅटेक्स असतं, त्यामुळे काही गोष्टी ते खपवून घेत नाही. ओलसर कागदावर लावलं तर तंतूंत मुरतं. हेअर ड्रायरची गरम हवा दिली तर कागदाला धरून बसतं. मी एकदा दोन्ही केलं, वर कागद दोन आठवडे तसाच ठेवला. काढताना बदकाच्या छातीची साल निघाली आणि तिथे रंग टीपकागदासारखा शोषला जाऊ लागला. ते तिसरं बदक. बाटली हलवू नका, बुडबुडे येतात. जुना ब्रश आधी साबणात बुडवून मगच फ्लुइडमध्ये घाला, नाहीतर ब्रश गेलाच म्हणून समजा.

प्रतिबिंबात फुलकोबी उमटते

ओल्या वॉशमध्ये प्रतिबिंब सोडलं आणि दहा मिनिटांनी पाहिलं तर मधोमध फुलकोबीसारखा झालरदार डाग. कारण एकच: ब्रशमधलं पाणी कागदावरच्या पाण्यापेक्षा जास्त होतं. जास्तीचं पाणी अर्धवट वाळलेल्या भागात घुसतं, तिथला रंग ढकलत नेतं आणि जिथे थांबतं तिथे त्याची झालर ठेवून जातं. थेंब वाळताना कडेला गडद वलय का उमटतं, याचा खुलासा भौतिकशास्त्रज्ञांनी १९९७ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात केला होता. थेंबाची कड जागेला धरून राहते, तिथलं पाणी आधी उडतं, ती तूट भरायला आतलं पाणी बाहेर वाहतं आणि कण सोबत नेतं. वॉशच्या कडा गडद होतात त्याही यामुळेच.

उपाय चकाकीकडे लक्ष ठेवण्याचा आहे. कागद तिरपा धरून बघा. आरशासारखी चमक असेल तर रंग सोडला की पसरून आकार हरवतो. रेशमासारखी मंद चमक आली की प्रतिबिंबाची वेळ झाली: कडा मऊ राहतात, आकार टिकतो. चमक विझत आली की हात मागे घ्या, फुलकोबीची वेळ हीच. चमक गेली म्हणजे कागद वाळला असंही नाही. हाताची मागची बाजू टेकवा, गार लागला तर आत अजून ओल आहे. आणि दुसऱ्यांदा सोडायचा रंग नेहमी पहिल्यापेक्षा दाट घ्या, ब्रश फडक्याला टेकवूनच कागदाकडे न्या.

कागद पातळ असेल तर हे सगळं करूनही डाग पडतो, कारण कागद फुगून खळगे होतात आणि पाणी खळग्यांत साचतं. ३०० जीएसएमपेक्षा (ग्रॅम प्रति चौरस मीटर) हलका कागद आधी ताणून पट्टीने चिकटवून घ्या. शंभर टक्के कॉटनचा कागद जास्त वेळ ओला राहतो, ओल्यावर ओलं काम करायला तेवढीच सवड मिळते. फुलकोबी पडलीच तर तिला ओलेपणी हात लावू नका. पूर्ण वाळल्यावर तिच्या झालरीवरून एक आडवा तरंग न्या. पाण्याच्या चित्राला एवढी मुभा आहे.

रंग मळण्याबद्दल थोडक्यात. पांढऱ्या बदकाची चोच नारिंगी, पाणी निळं. दोन्ही ओले असताना भेटले की राखाडी चिखल होणारच, चोचीचं प्रतिबिंब नेहमी वाळल्यावर घाला. खंड्याची निळाई मात्र वेगळी अवघड. त्याच्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच, ती निळाई पिसांच्या सूक्ष्म रचनेत प्रकाश विखुरल्याने दिसते. तिच्यातला झगमगाट थरांवर थर चढवून येत नाही. कोऱ्या कागदावर पारदर्शक निळ्याचा एकच थर द्या आणि शेजारी काहीतरी मंद, तपकिरी ठेवा.

शेवटी दोन-चार चमका पांढऱ्या गवॉशने (अपारदर्शक जलरंगाने) द्याव्यात का, यावर जलरंगवाले हमरीतुमरीवर येतात. जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरचे पक्षी अपारदर्शक जलरंगातलेच आहेत आणि त्यांची पिसं पाहिल्यावर शुद्धतेचा वाद जरा पोरकट वाटतो. मी देते. दोन-चारच, आणि त्याही पोटाजवळच्या एखाद्या लहरीवर.

झालेलं चित्र वाचवायचं असेल तर

आधी पाण्यात कोणता निळा वापरला ते आठवा. अल्ट्रामरीन बऱ्यापैकी उचलला जातो, थॅलो ब्लू कागदात रुतून बसतो. अल्ट्रामरीन असेल तर अरुंद फ्लॅट ब्रश ओला करून पिळा, पक्ष्याच्या खालच्या कडेवर आडवा दोन-तीनदा घासा आणि लगेच टिश्यूने टिपा. असं तीन-चार ठिकाणी, वेगवेगळ्या लांबीचं करा. वाळलं की पाण्याच्याच रंगाचा अगदी पातळ थर पाण्यातून सुरू करून पक्ष्याच्या पोटावर बोटभर चढवा, आणि वर जाताना स्वच्छ ब्रशने विरवून टाका. माझी दुसरी आणि पाचवी बदकं अशी पाण्यात उतरली.

बाकीच्यांत थॅलो होता. पण कागद जाड आहे, मागची बाजू कोरी आहे, आठवं बदक तिथे काढलंय.